घासलेलं नाणं महाग, ठसठशीत नाणं स्वस्त, असं का?

दक्षिण मुंबईत भरलेल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनाला शेजारच्या काकांना घेऊन गेलो होतो. काका बँकेतून निवृत्त झालेले. जन्मभर नाणी मोजली, पण एकाही नाण्याकडे नीट पाहिलं नाही, असं तेच सांगतात. एका टेबलावर पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे प्राचीन काळी पश्चिम भारतात राज्य केलेल्या शक राजांची, चांदीची दोन नाणी शेजारीशेजारी होती, अंगठ्याच्या नखाएवढी. एकावर राजाचा चेहरा इतका स्वच्छ की मिशीचा पीळ मोजावा. दुसऱ्यावरच्या राजाचा गाल सपाट झालेला, नाकाचा शेंडा गेलेला. विक्रेत्याने या दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट सांगितली. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे, हा आपल्याला गिऱ्हाईक समजून कापतोय का?"

कापत नव्हता. क्षत्रपांच्या पुष्कळ नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शकाचं वर्ष कोरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते पुरतं उमटतच नाही. त्या घासलेल्या नाण्यावर ते शेवटच्या अंकापर्यंत वाचता येत होतं. ठसठशीत नाण्यावर त्याचा एकच अंक आला होता, बाकीचे कडेबाहेर गेले होते.

घरी येताना लोकलमध्ये काकांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. नाण्याची अवस्था ठरवतं कोण, कशावरून, आणि आपण विश्वास का ठेवायचा? प्रश्न रास्त होते. 'तुमच्या घरातलं जुनं नाणं लाखो रुपयांचं' हे संदेश सगळ्यांच्याच फोनवर फिरत असतात. आपलं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात लोकांकडून शुल्क, कमिशन, कर उकळले जात आहेत, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला होता. अशा बाजारात नाण्याची प्रत कशी ठरते एवढं कळलं, तरी अर्धी फसवणूक टळते.

'गुड' म्हणजे वाईट

नाण्याच्या अवस्थेनुसार त्याची प्रत ठरवण्याला ग्रेडिंग म्हणतात. त्याची इंग्रजी शिडी जगभर जवळपास सारखीच आहे: पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रीमली फाईन, मग जवळजवळ न वापरलेलं, आणि सगळ्यात वर मिंट स्टेट, म्हणजे टांकसाळीतून निघालं तसं, वापराची झीज नसलेलं.

या शब्दांचा अर्थ लग्नाच्या जाहिरातींसारखा लावायचा असतो. तिथे 'अनुरूप' म्हणजे काय हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक असतं, तसंच इथेही. 'गुड' नाणं म्हणजे राजा आहे एवढं बाह्यरेषेवरून कळतं, बाकी सपाट. 'फाईन' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं. खरं देखणेपण 'व्हेरी फाईन'पासून सुरू होतं. फोर्टातल्या फुटपाथवर 'फाईन पीस आहे साहेब' असं ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

ही शिडी मोजते फक्त झीज. किती हातांतून गेलं, किती कनवटीला घासलं, एवढंच. आधुनिक नाण्यांना ते बरंचसं पुरतं. प्राचीन नाण्यांना पुरत नाही.

लादीपाव आणि भाकरी

विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये आपल्या देशाच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. त्यामागचा हिशेब व्यापाऱ्याचा होता: सगळ्यात वाईट नाण्याची किंमत एकपट धरली, तर सगळ्यात उत्तम नाण्याची सत्तरपट. बाजारभाव पुढे कुठल्या कुठे गेले, तो हिशेब केव्हाच मोडला, पण सत्तरचा आकडा चिकटून बसला. आधुनिक नाण्यांना आजही हेच गुण मिळतात.

यंत्रावर निघालेली नाणी लादीपावासारखी असतात. फोर्टातल्या टांकसाळीतून दहा रुपयांची हजार नाणी निघाली, तर हजारही सारखीच असायला हवीत, आणि जे वेगळं ते बिघडलेलं. आदर्श ठरलेला असल्यामुळे किती गुण कमी करायचे हेही ठरवता येतं.

प्राचीन नाणं म्हणजे भाकरी. पीठ तेच, हात तोच, तवा तोच, तरी दुसरी भाकरी पहिलीसारखी होत नाही. एखादी कडेला चिरते, एखादी फुगत नाही. 'सत्तरपैकी सत्तर' भाकरी कुठली, हे कोण सांगणार?

म्हणून प्राचीन नाण्यांचे जाणकार एक आकडा देणं टाळतात. अमेरिकेतली एनजीसी ही ग्रेडिंग कंपनी प्राचीन नाण्यांच्या आपल्या विभागात झिजेची प्रत शब्दात देते, आणि तिच्या शेजारी आणखी दोन गुण, प्रत्येकी पाचपैकी: एक छापेला, एक पृष्ठभागाला. ठसा कोरणाऱ्याची कलाकुसर विशेष असेल, तर तसा वेगळा शेरा. दहावीच्या टक्केवारीपेक्षा विषयवार गुणपत्रिका बरी, तसंच हे. गणितात पैकीच्या पैकी आणि मराठीत काठावर पास झालेलं पोर आपल्याला माहीत असतंच.

घाव एकच

छाप समजायला टांकसाळीत जावं लागेल. धातूच्या ठोकळ्यावर उलटं चित्र कोरतात, तो ठसा. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, दुसरा हातात धरलेला. मधे तापवलेली कोरी चकती ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. तो हातोडा कसा बसला, यावर पुढच्या दोन हजार वर्षांची चर्चा अवलंबून.

चकती जरा सरकली तर चित्र एका बाजूला जातं. घाईत मारलेला टपालाचा शिक्का आठवा: अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटाबाहेर टेबलावर. क्षत्रपांची वर्षं अशीच टेबलावर राहिली. अथेन्सच्या प्रसिद्ध घुबडछाप नाण्यांवर अथीना देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा असाच कापला जातो, आणि पूर्ण तुरा दिसणाऱ्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे मोजतात. आपल्याकडच्या शिवराईचंही तेच. चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही दोन्ही बाजूंची अक्षरं पुरती आलेली शिवराई सहजी हाताला लागत नाही. शिवराई प्राचीन नव्हे, पण हा नियम तिलाही लागू.

दुसरी गोष्ट ठशाची तब्येत. सरकारी कचेरीतल्या शिक्क्याचं रबर झिजलं, की कोरा करकरीत दाखलाही जुनाट दिसतो. शेकडो-हजारो घाव सोसून ठसा बोथट होतो, त्याला तडे जातात. त्यातून निघालेलं नाणं जन्मतःच पुसट. ते एकाही माणसाच्या खिशात गेलेलं नसेल, तरी पुसटच.

तिसरी गोष्ट घावाचा जोर. मोदकाच्या साच्यात उकड नीट दाबली नाही, तर टोकाच्या कळ्या उमटत नाहीत. त्या मोदकाला 'झिजलेला मोदक' कुणी म्हणणार नाही. नाण्यात मात्र हीच चूक रोज होते: छाप कमी बसलेली जागा पाहून लोक ते वापराने झिजलं असं समजतात.

दोन्हींतला फरक भिंगातून ओळखू येतो. झीज आधी उंचवट्यांवर येते: भुवई, गाल, कानावरचे केस. तिथे धातू गुळगुळीत, हात फिरून फिरून चोपडा झालेला दिसतो. छाप कमी बसलेली जागा अशी चोपडी नसते, कोऱ्या चकतीचा मूळचा खरबरीतपणा तिथे शिल्लक असतो. आणखी एक खूण: नाणं उलटून नेमकी त्याच्या पाठची जागा पाहा. घाव कमी पडला असेल, तर बहुधा तिथेही छाप दबलेली सापडते, कारण धातू कमी पडला तो दोन्ही बाजूंना. नाणं किंचित तिरकं धरून एका बाजूने उजेड पाडला की हे जास्त उघड दिसतं. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवर कुठल्याही जाणकाराने दिलेलं मत मी गंभीरपणे घेत नाही, माझंही नाही.

भारतातल्या सर्वांत जुन्या, म्हणजे आहत नाण्यांपुढे तर हा सगळा शहाणपणा थिटा पडतो. तिथे एक ठसा नसतोच. साधारण साडेतीन ग्रॅम चांदीच्या कापलेल्या तुकड्यावर सूर्य, प्राणी, झाड अशी चिन्हं एकेक करून ठोकलेली. चित्र मध्यभागी आलं का, हा प्रश्नच गैरलागू. ठरावीक पाच चिन्हांपैकी किती ओळखू येतात, एवढंच पाहायचं.

मातीने काय केलं

पृष्ठभाग म्हणजे नाण्याची कातडी. जमिनीत पडून राहिलेल्या तांब्यावर तपकिरी किंवा हिरवा थर चढतो. तो घट्ट, एकसारखा असेल तर त्याला दोष मानत नाहीत. उलट तो नाण्याचं रक्षण करतो आणि किंमत वाढवतो. भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा ठिपका मात्र वेगळा. तो क्षारामुळे लागलेला रोग आहे, दमट हवेत तो पसरत जातो, आणि मुंबईत दमट हवेची ददात नाही. गिरगाव चौपाटीजवळ ज्यांच्या गॅलरीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

चांदी जमिनीत ठिसूळ होते, खवल्यासारखी सुटते. सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, आणि लाकडी कपाटातल्या आम्लाच्या वाफांनी ती वाढते. माणसाचे उपद्व्याप याहून जास्त: ओरखडे, कडी लावून गळ्यात घातल्याच्या खुणा, आत खरंच चांदी आहे का पाहायला छिन्नीने मारलेली खाच, सराफांनी ठोकलेल्या खुणा. सगळ्यात वाईट म्हणजे पुसट झालेली रेघ हल्लीच्या अवजाराने पुन्हा कोरून ठळक करणं. म्हातारीच्या चेहऱ्याला रंगवून तरुण करण्यातला हा प्रकार. प्रामाणिक ग्रेडर अशा नाण्याला गुण कापून थांबत नाही, काय केलंय ते लेबलावर लिहितो.

घासून चकचकीत करणं याच पंगतीत बसतं. शाळेत असताना आजीच्या डब्यातली एक शिवराई मी चिंच आणि मीठ लावून राखुंडीने घासली होती. देवघरातल्या घंटेसारखी लखलखली. तिच्यावरचा दोन-तीनशे वर्षांचा थर मोरीतून वाहून गेला, आणि घरच्यांनी माझं कौतुक केलं.

एका नाण्यावर दोन राजे

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली आहेत. खाली हरलेल्या राजाचा चेहरा, वर जिंकलेल्याचा शिक्का.

याला छापेचे किती गुण देणार? नहपानाच्या बाजूने पाहिलं तर चित्र बिघडलंय, सातकर्णीच्या बाजूने पाहिलं तर तोच तर मुद्दा आहे. दोन्ही थर वाचता येतात ते नाणं उत्तम, असं माझं मत. वरचा शिक्का इतका खोल बसला असेल की खालचा चेहरा उरलाच नाही, तर ते नाणं अधिक 'स्वच्छ' दिसेल, पण निम्मी गोष्ट गेली. आकड्यांच्या चौकटीत न मावणारी अशी नाणी पाहिली, की ग्रेडरबद्दलचा माझा आदर वाढतो. त्याला मोजावं तर लागतंच.

पण हे सगळं नजरेवरच ना?

हो. काकांनी हे दादर यायच्या आत विचारलं होतं. एकच नाणं दोन जाणकारांनी पाहिलं तर एक 'व्हेरी फाईन' म्हणेल, दुसरा पायरीभर वर. म्हणूनच मोठ्या कंपन्यांत एकाहून अधिक नजरा नाण्यावरून फिरवून मग प्रत ठरवतात. तरी ग्रेड झालेलं नाणं ज्या डबीत बंद करून देतात ती फोडून नाणं पुन्हा पाठवायचं आणि या खेपेला वरची प्रत मिळते का पाहायचं, हा खेळ परदेशी बाजारात सर्रास चालतो. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीसारखाच.

मात्र नजरेवर अवलंबून म्हणजे मनमानी, असं नाही. दोन परीक्षकांत पाच गुणांचा फरक पडेल, पण नापास पोराला कुणी पहिलं आणत नाही. फरक पडतो तो शेजारच्या दोन पायऱ्यांत. अडचण इतकीच की महागड्या नाण्यांत त्या एका पायरीने किमतीत मोठा फरक पडतो.

डबीबंद, म्हणजे निर्धोक?

ग्रेड झालेलं नाणं पारदर्शक कडक डबीत लेबलासह कायमचं बंद करतात. ही डबी तीन गोष्टी सांगत नाही.

पहिली, दुर्मीळपणा. मिंट स्टेट अवस्थेतलं सामान्य नाणं सामान्यच राहतं, आणि जगात दोन-चारच असलेलं नाणं 'गुड' असलं तरी संग्रहालयं त्याच्यासाठी हात पुढे करतात. दुसरी, डबीचाच खरेपणा. नकली नाण्यांबरोबर नकली डब्याही बनतात, तेव्हा लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी आणि फोटोशी जुळवून पाहावाच. साच्यात ओतलेल्या नकलेची शिवण नाण्याच्या कडेवर सापडते, पण डबीत कडेचा काही भाग झाकला जातो. कडा बोटांनी फिरवून पाहण्याची सवय असलेल्या जुन्या संग्राहकांना डब्या आवडत नाहीत, त्याचं हेही एक कारण.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: नाणं आलं कुठून? सीझरचा खून करणाऱ्या ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं एक नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेलं. नाणं अस्सल आणि देखणंही होतं. त्याच्या मालकीचा सांगितलेला इतिहास खोटा निघाला, आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. याच्या उलट उदाहरण विरार लोकलच्या वाटेवर आहे. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना अवशेषांच्या करंड्यांबरोबर सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. ते कुठे, कशाबरोबर ठेवलेलं होतं हे ठाऊक आहे, आणि म्हणून ते इतिहासाचा पुरावा आहे. तेच नाणं कुणी गुपचूप उकरून डबीत घालून विकलं असतं, तर लेबलावर छाप आणि पृष्ठभाग यांचे आकडे तेवढे आले असते.

मग आपलं नाणं परदेशी पाठवून ग्रेड करून आणावं का?

इथे कायदा आडवा येतो, आणि बरेच जण यात अडकतात. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष ठरतं, आणि केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कुणालाही ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'फक्त ग्रेडिंगसाठी, लगेच परत येणार' ही सबब चालत नाही. जमिनीत काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. दहा रुपयांचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण कायदा लागू आहे.

माझ्या मते घरात वारशाने आलेल्या पाच-दहा नाण्यांना ग्रेडिंगची गरजही नसते. विकायचं नसेल तर डबी कशाला? नजर तयार करायची असेल, तर फोर्टात फिरोजशहा मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन. खऱ्या नाण्यांपुढे दोन शनिवार उभं राहा. प्रत्येकासमोर एकच कोडं घाला: हे पुसट आहे ते घावामुळे, हातांमुळे, की मातीमुळे?

डब्यातली नाणी

काकांनी त्या दिवशी काही घेतलं नाही, पण घरी येऊन आईचा जुना डबा काढला. पितळी डब्यात चाळीसेक नाणी एकमेकांवर खुळखुळत होती. बहुतेक ब्रिटिश पैसे, तीन शिवराया, आणि कडी लावलेलं एक सोन्याचं नाणं. कडी काढायची का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. ती काढताना धातू आणखी दुखावतो, आणि ती कडी तुमच्या आजीने लावलीय.

मग दोघांनी मिळून कामं केली. नाणं कडेनेच धरायचं. घासायचं नाही, पुसायचंही नाही. मऊ प्लास्टिकची जुनी पाकिटं फेकली, कारण त्यातल्या पीव्हीसीतून पाझरणारा चिकट हिरवा थर तांब्याला खातो. प्रत्येक नाणं वेगळ्या, आम्ल नसलेल्या कागदी पाकिटात घातलं आणि बाहेर पेन्सिलने लिहिलं: कुणाकडून आलं, कधी. एका शिवराईवर हिरवी भुकटी दिसली, ती बाकीच्यांपासून दूर ठेवली. डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या. काकांनी कॅलेंडरवर मे अखेरच्या रविवारी खूण केली आहे. पाऊस यायच्या आत त्या पुड्या बदलायच्या आहेत.